काटा पडला गं, पडला!

चहाचा घोट आधी गिळून घ्या, मग ऐका. मागच्या वेळी हे सांगितलं तेव्हा एका मैत्रिणीच्या नाकातून चहा आला होता. माझा गाढवपणाच तसा आहे!

मी अमेरिकेत मॉरिसव्हिलला राहते, दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, आणि बागेच्या खुळापायी मी एक जुना पिकअप ट्रक घेतला. किती जुना? माझ्या लग्नापेक्षाही! नवरा, मंदार, म्हणाला, "पल्लवी, याचं इंजिन कधी राम म्हणेल, नेम नाही."

"ऑइल प्रेशरच्या काट्यावर लक्ष ठेवायचं. मी सगळं वाचलंय!"

सगळं म्हणजे काय, तर इंटरनेटवरचं एक वाक्य. काटा पडला की इंजिन गेलं.

त्या रविवारी इथल्या मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन होतं. दीडशे माणसांचा मसालेभात नेने काकूंच्या घरून हॉलवर न्यायचा होता. मग ट्रकवाली कोण? मीच! पातेली मागे करकचून बांधली, काकू पैठणी सावरत शेजारी बसल्या आणि आम्ही निघालो.

अर्धा तास काटा कसा ऐटीत मध्यावर! मग मोठा सिग्नल लागला. ट्रक थांबला आणि काटा सरसर खाली!

मी घाईघाईनं न्यूट्रलमध्ये टाकून ॲक्सिलरेटर दाबला. घुर्रर्र! काटा वर. पाय काढला, काटा खाली.

"काकू, तुम्ही या काट्यावर नजर ठेवा. पडला की ओरडा!"

काकूंनी चष्मा लावला. दर सिग्नलला त्यांची कॉमेंटरी सुरू. "उतरतोय... उतरतोय... पडला गं, पडला!" की मी घुर्रर्र!

दहाव्या सिग्नलला शेजारी एक लाल स्पोर्ट्स कार येऊन थांबली. आत सत्तरीचे पांढऱ्या दाढीचे आजोबा. मी घुर्रर्र केलं. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, गॉगल कपाळावर चढवला आणि उत्तर दिलं. घुर्रर्रर्र!

"अगं, तो डोळा मारतोय!" काकू किंचाळल्या.

"माझ्याकडे नका बघू, काट्याकडे बघा!"

"पडला!"

घुर्रर्र! सिग्नल हिरवा झाला. आजोबा सुसाट पसार! आणि आमच्या मागे निळे दिवे.

पोलीस खिडकीशी आला. "मॅडम, रेस लावताय?"

मी तोंड उघडायच्या आत काकू पुढे वाकल्या. "नो रेस! राइस! ओन्ली राइस!"

मग मी रडवेल्या आवाजात काट्याची कहाणी सांगितली. तो गडी हसायलाच लागला! म्हणाला, "माझ्या वडिलांकडे असाच ट्रक होता. इंजिन तापलं की तेल पातळ होतं, त्यामुळे गाडी उभी असताना काटा थोडा उतरतोच. पळायला लागली की परत चढतो. शून्यावर गेला तर घाबरायचं. तुमचा तर शून्याच्या बराच वर आहे. ऑल गुड!"

म्हणजे मी दहा सिग्नल उगीच बोंबलत आले होते! सॉरी म्हटलं, थँक यू म्हटलं, किल्ली फिरवली. ट्रक नुसताच खोकला. पुन्हा फिरवली. पुन्हा खोकला.

पोलिसानं आत डोकावून पाहिलं. "मॅडम, हा दुसरा काटा बघितलात का?"

पेट्रोलचा, म्हणजे इथल्या भाषेत गॅसचा काटा! तळाला! इतकं घुर्रर्र केल्यावर टाकीत राहणार काय?

"हा मघापासूनच झोपलाय," काकू शांतपणे म्हणाल्या. "पण तू मला त्याचं कुठे सांगितलं होतंस?"

आता मंदारला कळवणं भाग होतं. त्यानं काही विचारायच्या आत मी एका दमात म्हटलं, "गॅस संपला, भात अडकलाय, येतोच आम्ही!" आणि लाजेनं फोन बंदच करून टाकला.

पोलीस देवमाणूस! त्यानं पातेली आणि काकू, दोन्ही आपल्या गाडीत मागच्या जाळीआड बसवली, मी पुढे. या सगळ्यात तास गेला. हॉलसमोर उतरलो तर दारात सगळं मंडळ उभं, आणि प्रत्येकाच्या हातात पिझ्झा!

"हे काय?" मी विचारलं.

मंदार गोंधळून माझ्याकडे बघत होता. "अगं, तूच म्हणालीस ना, गॅस संपला, भात अडकला? आम्हाला वाटलं, शेगडीचा! भात अर्धा कच्चा राहिला म्हणून पंचवीस पिझ्झे मागवले!"

दीडशे माणसांचा वाफाळता मसालेभात, आणि पोटं सगळ्यांची भरलेली. काकू तर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पोरं मात्र येऊन मला बिलगली. त्यांतली एक चिमुरडी म्हणाली, "पल्लवी मावशी, यू आर द बेस्ट! नेक्स्ट इयर पण गॅस संपवशील ना? प्लीज?"