साडूंचं अडतीस साल

मरणाला, मंगळाला आणि मास्तरांना भिणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण १९ जानेवारी २०३८ च्या सकाळी पावणेनऊला भिणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. हट्टा गावात घरी बसून ते कुठल्याशा परदेशी कंपनीच्या जुन्या सॉफ्टवेअरची डागडुजी करतात. मी घरात हुशार समजला जाणारा माणूस, तरी त्यांचं काम कळायला मला तीन दिवाळ्या लागल्या. "जुनी कम्प्युटरं १९७० पासूनचे सेकंद मोजून राहिलीत, साडूभाऊ. आकडा ठेवायचा डबा ल्हान. अडतीस साली डबा भरला की तारीख धाडकन १९०१ सालात जाऊन पडंल." मी म्हणालो, "पडू द्या की, तेव्हा सोनं स्वस्त होतं." त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

कुणाकडेही गेले की पाण्याच्या तांब्याआधी त्यांचा हात यंत्राकडे जातो. आमच्या नव्या टीव्हीची तारीख त्यांनी पुढं नेऊन पाहिली, तेव्हा तो जो काळा पडला तो बायकोच्या मालिकेचा शेवटचा भाग संपल्यावरच उजाडला. तिनं बहिणीला फोन लावून तिच्या नवऱ्यासोबत माझाही उद्धार केला. वारंगा फाट्यावर हॉटेलवाल्यानं बिलाच्या मशीनला हात लावू दिला नाही, म्हणून साडू समोर आलेला चहा सोडून उठले. त्यांचा मी प्यालो.

यंदा माझ्या पुतणीचा पहिलीचा प्रवेश होता. वसमतच्या एका शाळेत अर्जाचा शेवटचा दिवस. भाऊ, मी आणि सहज सोबत आलेले साडू. कार्यालयातल्या बाई पडद्याकडे पाहून म्हणाल्या, "ही तर १९०२ सालीच अठरा वर्षांची झाली. सज्ञान मुलीला पहिलीत घेता येत नाही." सज्ञान मुलगी बाकावर पाय हलवत शेंगा खात होती. "मलाबी दिसून राहिलंय हो," बाई म्हणाल्या, "पण कम्प्युटर पुढं जाऊ देत न्हाई." मूल सज्ञान कधी होणार ती तारीख शाळेचा कम्प्युटर अर्जातच काढून ठेवायचा; तिचा जन्म मार्च २०२० चा, म्हणजे अठरा पूर्ण होणार अडतीसच्या मार्चात, डबा भरल्यावर. आज अर्ज गेला नाही तर वर्ष बुडणार. भावाचा चेहरा उतरला.

मी अक्कल चालवली. "बाई, जन्मतारीख १ जून २०१९ टाका की." माझी स्वतःची १ जून गुरुजींनीच ठरवलेली, तिच्यामुळं माझं काही अडलं नाही, फक्त खरा वाढदिवस कधी कळला नाही. बाई तयार झाल्या, भावानं मान हलवली, आणि साडू उसळले. "काहून? लेकरू बराबर हाय, डबा ल्हान हाय. डब्यासाठी लेकराला कापता व्हय?"

बाईंची खुर्ची घेऊन ते बसले. आत तारखांचं काम करणारी एक जुनी लायब्ररी सापडली. लायब्ररी म्हणजे एकानं लिहून ठेवलेला तयार भाग, ज्याच्या पायावर दुसरे आपले प्रोग्रॅम उभे करतात. तिच्या माथ्यावर लिहिणाऱ्याचं नाव होतं. साडूंचंच. वसमतला क्लास चालवायचे तेव्हा लिहून पोरांना वाटलेली; त्यातल्याच कुणीतरी शाळेचा प्रोग्रॅम तिच्यावर उभा केला असणार. खाली शेरा होता, तो मी मोठ्यानं वाचला: 'अडतीस साल लांब आहे. नंतर पाहू.'

"पंचविशीत होतो तवा," साडू एवढंच म्हणाले.

पाचला बाईंनी कुलूप हातात घेतलं. भाऊ दारात आडवा उभा राहिला. साडूंनी डबा मोठा केला, प्रोग्रॅम नव्यानं बांधला, आणि साडेपाचला पुतणीच्या नावापुढं उमटलं: सज्ञान, मार्च २०३८. प्रवेश निश्चित. भावानं मुलीला उचललं, तिच्या ओच्यातल्या शेंगा कार्यालयभर सांडल्या.

"बंद करू का सर?" बाईंनी विचारलं.

साडू पडद्याकडेच पाहत होते. त्या सालाकडे इतकी वर्षं ते डोळे वटारूनच पाहत आले होते. तिथं एखादी मुलगी अठरा वर्षांची होणार आहे, हे बहुधा त्यांनाही सुचलं नव्हतं.

"राहू द्या बाई," ते म्हणाले, "जरा येळ राहू द्या."