नम लॉक काढा

आमच्या घरात आलेला पहिला लॅपटॉप आम्ही चौथ्याच दिवशी खारवलेल्या बांगड्यांच्या शेजारी उन्हात वाळत घातला.

यात कुणाचं डोकं फिरलेलं नव्हतं. मालवणात समुद्राला लागून घर असलं की बिघडलेल्या प्रत्येक वस्तूचं निदान एकच असतं, खारा वारा. कुलूप अडकलं, खारा वारा. पंखा कुरकुरला, खारा वारा. (एका काकांचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हाही बाबांनी आधी वाऱ्याकडेच संशयानं पाहिलं होतं.) म्हणून मी लॅपटॉप आणल्यापासून रोज सकाळी मऊ फडक्यानं घासून पुसत होतो. घरात तीन महिन्यांचा संगणकाचा कोर्स केलेला मी एकटाच, तेव्हा पुसायचा मानही माझाच!

दोन हजार सातच्या आसपासची गोष्ट. माझी धाकटी बहीण वैशाली सावंतवाडीला राहून नर्सिंग शिकून आली होती. गोव्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात नर्सची जागा निघाली होती आणि अर्ज ई-मेलनंच, त्याच चौथ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत पोचायला हवा होता. या नोकरीसाठी तिनं एक चांगलं स्थळसुद्धा थांबवून ठेवलं होतं. सकाळी ती म्हणाली, बाजारातल्या सायबर कॅफेत जाऊन येते. मी तिला अडवलं. घरात लॅपटॉप आणि लॅपटॉपवाला भाऊ असताना बाजारात जायचं म्हणजे आमची अब्रूच जायची की!

जेवून, वामकुक्षी आटोपून मी तीन वाजता अर्ज उघडला. इंग्रजीत 'वैशाली' लिहिलं. पडद्यावर नावाच्या मधोमध पाचाचा आकडा आला आणि शेवटी पस्तीस. पुसून पुन्हा लिहिलं. पुन्हा पस्तीस.

बाबा मागे उभे राहून बघत होते. ते म्हणाले, "अरे, तेवीस वर्साच्या चेडवाचां वय पस्तीस कित्याक लिवतंस?"

मी गावाचं नाव लिहून बघितलं. मालवणातला 'म' दाबला की शून्य उमटायचं. सात-आठ अक्षरं सोडली तर बाकी सगळी शहाण्यासारखी वागत होती, फक्त नेमकी ती सात-आठच आमच्या नावागावात खच्चून भरलेली! मी यंत्र बंद केलं, चालू केलं, उलटं करून थोपटलं. आईनं मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. मग बाबांनी वाऱ्याचं निदान जाहीर केलं आणि लॅपटॉप अर्धा तास अंगणात, बांगड्यांच्या रांगेत. मी काठी घेऊन कावळे हाकत बसलो होतो, हे माझ्या कोर्सच्या सरांना कृपा करून कुणी सांगू नये.

उन्हातून आला तेव्हा शून्य होतं तिथंच होतं, वर बांगड्याचा वास. वैशाली चपला घालून बाजारात निघाली आणि तेवढ्यात वीज गेली. भारनियमन! सायबर कॅफे आता सहाशिवाय उघडणार नव्हता. चालू होता तो आमचा बॅटरीवरचा लॅपटॉप, आणि तो आकडे लावत बसलेला. वैशाली पायरीवर बसली. रडली नाही, पण तिचा चेहरा बघून मला माझीच लाज वाटली.

शेवटी कंपनीला फोन करायचं ठरलं. घरच्या फोनचा रिसीव्हर खाऱ्या वाऱ्यानं केव्हाच मुका झाला होता आणि मोबाइलला रेंज फक्त विहिरीच्या कठड्यापाशी मिळायची, म्हणून बाबा तिथं उभे राहिले आणि मी ओटीवर लॅपटॉपसमोर. कंपनीच्या माणसाशी बाबा थेट कचेरीतलं मराठी बोलू लागले, "आमच्या संगणकाची अक्षरे नासली आहेत." बराच वेळ हूं-हूं चाललं. मग माझ्याकडे वळून त्यांनी हाक दिली, "बाळा, नम लॉक काढूक सांगता!"

नम लॉक. कोपऱ्यात खरंच त्या नावाचं बटण होतं. आता काढायला सांगितलंय म्हटल्यावर मी काढलं! बाबांचा होडीच्या इंजिनाचा स्क्रू ड्रायव्हर बटणाखाली घातला आणि जोर दिला. टक् आवाज झाला, बटण उडून अंगणात पडलं आणि आमच्या कोंबडीनं ते दाणा समजून चोचीत धरून घरामागच्या परड्यात पळवलं.

"काढलंय," मी अभिमानानं ओरडलो. पुन्हा 'म' दाबला. शून्य.

घड्याळात साडेचार. मी कोंबडीमागे धावावं की माफी मागावी या विचारात नुसताच उभा राहिलो. वैशाली उठली. आधी मला खाली बसवलं, तांब्यातलं पाणी दिलं. मग विहिरीवर जाऊन बाबांच्या हातून फोन घेतला, दोन मिनिटं ऐकलं आणि परत आली.

"दादा, लॉक काढूचां म्हणजे बटण दाबूचां," ती शांतपणे म्हणाली. "रोज फडक्यान घासतंस ना, तेव्हाच लागला आसतला. ता लागला की अक्षरांचे आकडे होतत."

पण दाबायला बटण होतं कुठं? तिनं आईच्या केरसुणीतली हिराची एक काडी मोडली आणि बटणाच्या जागी उरलेल्या रबराच्या टिकलीवर अलगद टेकवली, इंजेक्शन द्यावं तशी. लॅपटॉपच्या कोपऱ्यातला इवलासा दिवा विझला. 'म'चा 'म' झाला. तिनं स्वतः भराभर अर्ज भरला, मी इंटरनेटसाठी घरच्या त्या मुक्या फोनची वायर जोडून दिली, आणि पाचला सात मिनिटं असताना अर्ज गेला. आईनं देवाला हात जोडले. बाबांनी कंपनीच्या त्या माणसाला बांगडे खायला बोलावलं. मी मात्र मनातल्या मनात बहिणीचेच पाय धरले. माझ्या फुशारकीपायी तिची नोकरी बुडत होती आणि त्या पोरीनं मला एक वाकडा शब्द ऐकवला नाही. ते उपकार मी आजही विसरलेलो नाही.

महिन्याभरानं मुलाखत झाली. तिथं तिला विचारलं, पेशंटचा नातेवाईक घाबरून गेला, भलतंसलतं करायला लागला, तर तुम्ही काय कराल? तिनं त्या दुपारची सगळी हकिगत, माझ्या नात्यासकट, जशीच्या तशी सांगितली. समोरची माणसं डोळे पुसेपर्यंत हसली आणि त्यांनी तिला तिथंच घेतलं.

तेव्हापासून मी भावकीत छाती पुढे काढून सांगत आलोय की वैशालीला नोकरी मिळाली ती माझ्यामुळे. ती कधीच खोडून काढत नाही.