पांढऱ्या तोंडाचं सांबर आणि देवामामाचं टपाल

धारणीला मी हौसेनं निघाले नव्हते. माती खाल्ली होती, ती निस्तरायला निघाले होते.

झालं असं. देवामामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. धारणीला पोस्टमन आहे, मोटारसायकलवर गावोगाव टपाल नेतो. एप्रिलमधल्या एका सकाळी त्यानं घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. नाल्यावर तीन सांबरं पाणी पितायत, आणि मधल्या मादीचं अर्धं तोंड आणि मान पांढरीफटक. खाली एवढंच लिहिलेलं, 'मी सोता काढला.'

आता माझा स्टुडिओ आहे अकोल्याच्या जुन्या शहरात. लग्नाचे अल्बम, पासपोर्ट फोटो, जुने फाटके फोटो नवे करून देणं, हाच माझा धंदा. म्हणजे खोटा फोटो ओळखावा तर मीच, असा माझा गैरसमज. फोटो मोठा करून पाहिला तर काठावरचा गवताचा एक झुपका दोन ठिकाणी सारखाच. तीच वाकलेली काडी, तोच पिवळा शेंडा. कॉपी करून चिकटवलेला! मी लगेच ग्रुपवर लिहिलं, "मामा, हा फोटो खोटा आहे. कोणीतरी कॉम्प्युटरवर बनवलाय." गवताला लाल गोल करून दाखवला. मग मावसभावांना ऊत आला. "मामा, आता पांढरा हत्ती येऊ द्या!"

मामा ग्रुपमधून निघून गेला. माझा फोन उचलेना. तीन आठवडे झाले तेव्हा मामीनं सांगितलं, "जेवनात ध्यान नाई वं त्याईचं. म्हनते, माही भाचीच मले खोटा म्हनते."

ज्या मामानं मला सायकलवर डबल सीट शाळेत सोडलं, ज्यानं माझ्या स्टुडिओत पहिला पासपोर्ट फोटो काढून घेतला आणि बोहणीचे पैसे हातावर ठेवले, तो माझ्यामुळे जेवत नव्हता. शनिवारी सकाळी सहाच्या परतवाडा एसटीत बसले. बाईमाणसाला अर्धं तिकीट, तेव्हा खर्चाचं काही वाटत नाही. अकोट, अंजनगाव करत गाडी परतवाड्याला पोचली की उतरून पोट भरून घ्या. पुढे घाट आहे, आणि रिकाम्या पोटी तो फार लागतो. स्टँडबाहेर आलूबोंडा आणि झणझणीत रस्सा खाल्ला, नाकातून पाणी आलं.

तिथून धारणीची दुसरी गाडी. घटांगच्या वळणांवर खिडकी धरून बसा आणि पुढच्या सीटवर लहान मूल असेल तर सावध राहा, मी भोगलंय. सेमाडोहला गाडी थांबली तेव्हा द्रोणात रबडी घेतली, मामासाठी पाव किलो खवा बांधून घेतला. सागाची पानं झडून गेलेली, डोंगर उघडे पडलेले, मधूनच मोहाच्या झाडाखाली बाया टोपल्या घेऊन फुलं वेचताना दिसत होत्या. मोबाइलची रेंज इथून पुढे येते-जाते. घरी काय सांगायचं ते आधीच सांगून टाका.

दुपारी दारात पोचले. "जय भीम, मामा."

"जय भीम," मामा म्हणाला आणि आत निघून गेला.

मामीनं चून-भाकर वाढली, ठेचा वाढला. मामा भिंतीकडे तोंड करून जेवला. मला रडूच आलं. म्हटलं, "मामा, शिव्या दे, पण बोल."

"काय बोलू? तू मोठी फोटोवाली. तू म्हनली खोटा, तं खोटा."

"मी मूळ फोटो पाहिलाच नाही. आहे का तुझ्या फोनमध्ये?"

त्यानं मान वर केली. "इचारलं कोनं मले?"

खरंच, कोणी विचारलंच नव्हतं. तीन आठवडे मी गवताच्या काडीवर विद्वत्ता पाजळत होते आणि ही साधी गोष्ट विचारली नव्हती.

मामानं फोन पुढे सरकवला. एक नाही, सात फोटो होते, एकामागून एक. पहिल्यात अर्धा मामाचा अंगठा. दोन हललेले. चौथ्यात मादीनं मान वर केलेली, पाचव्यात कान फिरवलेला. पाण्यातल्या प्रतिबिंबातही पांढरा भाग त्याच जागी, आणि प्रत्येक फोटोत मान वळेल तसा तोही वळलेला. एक फोटो कोणी बनवेल, पण अंगठ्यासकट सात कोण बनवतो? सहावा ग्रुपवरचाच होता. फक्त त्यात गवताचा दुसरा झुपका नव्हता. त्या जागी चिप्सचं लाल पाकीट होतं.

"मग पाकीट गेलं कुठं?"

मामा चाचरला. फ्रेम करून लावायचा म्हणून त्यानं फोटो धारणीतल्याच एका स्टुडिओत दिला होता. छापून झाल्यावर स्टुडिओवाल्या भाऊंनी तो फोनवरही पाठवला. चांगला दिसला म्हणून मामानं तोच ग्रुपवर टाकला.

संध्याकाळी आम्ही दोघं त्या स्टुडिओत गेलो. भाऊ हसतच म्हणाले, "ताई, कचरा होता, पुसला. गिऱ्हाइकाले साफ फोटो लागते. तुमी नाई करत?"

करते. रोज करते. नवरीच्या मागची चपलांची रास पुसते, मांडवातला उघडा बल्ब पुसते, कोणाच्या नाकावरची पुटकुळी पुसते, आणि पुसल्याचं कोणाला सांगतही नाही. ज्या हातचलाखीवर माझं घर चालतं तीच पाहून मी मामाला खोटं ठरवलं होतं.

रविवारी सकाळी मामानं मोटारसायकल काढली. "चाल, जागा दाखवतो." ही जागा गावच्या रस्त्यावर आहे, जंगलखात्याच्या परवान्याची गरज पडत नाही. पण वाचकहो, तिथं गाडी लावून गाणी वाजवू नका, जनावरांच्या पाण्यावर जास्त वेळ रेंगाळू नका. नाल्यावरच्या रपट्याजवळ, म्हणजे बुटक्या फरशी पुलाजवळ, मामानं इंजिन बंद केलं. फोनमधला सहावा फोटो समोर धरला. दोन फांद्यांचं तेच झाड, तोच बसका दगड. आणि दगडाखाली अडकलेलं तेच लाल पाकीट, उन्हानं विटलेलं. सांबर काही दिसलं नाही. मी खाली उतरून पाकीट काढलं आणि पिशवीत टाकलं.

"आता झाला खरा?" मामानं विचारलं.

"खरा होताच, मामा. मीच बयताड."

तो पहिल्यांदा हसला. मग रपट्यावर बसला, आणि पाण्याकडे पाहत बोलायला लागला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. दहा-बारा वर्षांपूर्वी मामाला कोड फुटलं. आधी बोटांवर, मग ओठाजवळ, मग अर्ध्या गालावर आणि मानेवर. ते एकाचं दुसऱ्याला लागत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी काही घरी त्याला अजून वेगळ्या कपात चहा येतो. तेव्हापासून त्यानं स्वतःचा फोटो काढून घेणं सोडलं.

"त्या दिवशी तिले पाह्यलं," मामा म्हणाला, "आन बाजूच्या दोघी तिच्या अंगाले अंग लावून पानी पिऊन राह्यल्या होत्या. कोनी दूर सरलं नाई वं. म्हनून फोटू काढला. वाटलं, तुमा सगळ्याईले दाखवाव."

मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. पण त्याचं बोलणं संपलं नव्हतं.

"एक इचारू? तुह्या मावसबहिनीच्या लग्नाच्या अल्बमात, मामीच्या बाजूले उभा हाय, तो मानूस कोन?"

तो मामाच होता. त्या लग्नात मामा फोटोला येत नव्हता. मीच हाताला धरून ओढून आणला होता. आणि मग रात्री अल्बम करताना त्याच्या गालावरचा, मानेवरचा सगळा पांढरा रंग मी पुसून टाकला होता. एकसारखा सावळा मामा. मला वाटलं होतं, त्याला बरं वाटेल. चार वर्षं तो काही बोलला नाही.

"तू मायेनं केलं, मले माईत हाय," तो म्हणाला. "पन मी लय वर्सानं फोटूत उभा राह्यलो होतो, बाई. आन अल्बम उघडून पाह्यला, तं मी त्यात नाई."

मी त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. तो माझ्या पाठीवर थोपटत राहिला आणि म्हणाला, "चाल, खवा आनला ना तू? मामी वाट पाहून राह्यली असन."

परतीच्या गाडीत रेंज आली तशी मी ग्रुपवर सातही फोटो टाकले, अंगठ्यासकट. लिहिलं, 'फोटो खरा आहे. चूक माझी. मामाची माफी मागितली आहे, तुम्हीही मागा.' पहिली माफी पांढऱ्या हत्तीवाल्या मावसभावाचीच आली.

घरी आल्यावर जुनी हार्ड डिस्क शोधली. लग्नाची मूळ फाईल सुदैवानं होती. एका रेषेलाही हात न लावता फोटो छापला: मामी, तिच्या बाजूला हात बांधून उभा, अर्ध्या गालानं पांढरा, थोडासा लाजलेला देवामामा. मावसबहिणीकडून अल्बम मागवून ते पान बदललं. एक प्रत जाड पुठ्ठ्यात घालून धारणीच्या पत्त्यावर टाकली, स्पीड पोस्टानं.

पाचव्या दिवशी फोन आला.

"टपाल भेटलं," मामा म्हणाला. "बाकी समद्याईचं वाटून झालं, मंग माहं मीच घरी आनलं. मामीले दारात उभं करून सही घेतली."

"मग? कसा आहे फोटो?"

मागून मामीचा आवाज आला, ती हसत होती.

"मीच हाय वं, बाई," मामा म्हणाला. "मीच हाय."