शिवेवरचं दूध

मांजर मेलं तर चालेल, पण आपल्या घरात मरू नये, हा आमच्या घरचा धर्म होता. मी बी.ए. झालो त्या उन्हाळ्यात तो मला नीट कळला. तेव्हा जो संताप डोक्यात चढला तो अजून उतरलेला नाही.

आमचं गाव मोताळ्याकडचं. धाब्याचं घर, मागे ढोरांचा कोठा, माजघरात ज्वारीच्या कणग्या. माझे वडील मी लहान असतानाच गेले. कारभार त्यांच्या थोरल्या भावाचा. त्यांना आम्ही मोठे बाबा म्हणायचो. त्यांनी मला अमरावतीला कॉलेजात ठेवलं, ते उपकार मी नाकारत नाही. नाकारायचे म्हटले तरी त्यांनी नाकारू दिले नसते, जेवताना एकदा तरी आठवण द्यायचे. पण रात्री दिवा लावून वाचलं ते मी. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, गावातला पहिला बी.ए. मी. याचा मला गर्व आहे आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

कणग्यांजवळ एक करडी मांजरी असायची. उंदरांसाठी ठेवलेली, म्हणजे तिला कुणी ठेवलेलं नव्हतं, ती होती. दर साली व्यायची, पिल्लं तोंडात धरून गल्लीतली घरं पालथी घालायची आणि पुन्हा आमच्या कणगीमागे येऊन निजायची. त्या साली ती अडली. एक पिल्लू मेलेलं पडलं आणि पुढे काही होईना. दुसऱ्या दिवशीही ती कणगीमागे कण्हत पडलेली. घरातल्या बाया येताजाता वाकून पाहायच्या आणि म्हणायच्या, होईल मोकळी, जनावरच आहे.

हे वाक्य मला ऐकवलं नाही, त्याला कारण होतं. आदल्या साली माझी बहीण अशीच अडली होती. सासरच्यांनी वाट पाहिली, सुईण बदलली, आणि ही काही वाचत नाही असं दिसल्यावर तिला गाडीत घालून आमच्याकडे रवाना केली. सासरी मेली असं लोकांनी म्हणू नये, एवढ्यासाठी. मूल वाटेतच गेलं. बहीण मात्र जगली; माझ्या मायनं तिला जगवली. मोठ्या बाबांनी तेव्हा ओसरीवर उभं राहून तिच्या सासरच्यांना कसाई म्हटलं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं. आणि ती चालती-फिरती झाल्यावर जावई नवा फेटा बांधून न्यायला आला, तेव्हा त्याच ओसरीवर त्याला पुरणाचं जेवण घातलं आणि तिला गाडीत बसवून दिली. मी परीक्षेसाठी अमरावतीला होतो. आलो तेव्हा गाडी जाऊन बरेच दिवस झाले होते.

मी मांजरीला टोपलीत घातलं, वरून फडकं बांधलं आणि मोटारीनं मलकापूरला ढोरांच्या दवाखान्यात नेलं. तिथे बैल उभे, म्हशी उभ्या, आणि मध्ये मी, कोट घालून, मांडीवर टोपली. एका शेतकऱ्यानं विचारलं, "मांजर आनलं काय गा मास्तर? उद्या कोंबडी आनजो." मी मास्तर नव्हतो, कोट पाहून त्याने ठरवलं.

डॉक्टर तरुण होता, तो हसला नाही. कुत्रीचं केलंय, मांजरीचं नाही, म्हणाला, करून पाहू. गुंगीचं औषध दिलं आणि पोट उघडलं. आतली पिशवी सडली होती. ती त्याने सगळीच काढून टाकली. आता हिला पिल्लं होणार नाहीत, आणि वाचली तर जपण्यानं वाचेल, असं त्याने मला स्पष्ट सांगितलं. उडी मारू द्यायची नाही, टाके चाटू द्यायचे नाहीत, ऊब ठेवायची, पातळ पेज पाजायची. आठवड्यानं टाके काढायला आणायचं.

घरी आणली तेव्हा ती जड चिंधीसारखी पडून होती. डोळे अर्धे उघडे, अंगाला औषधाचा उग्र वास. मायनं जुन्या लुगड्याची पट्टी फाडून दिली, ती मी तिच्या पोटाभोवती गुंडाळली. शुद्धीवर आल्यावर तिने पहिलं काम केलं ते दातांनी ती पट्टी ओढायचं. मी पुन्हा बांधायचो, ती पुन्हा ओढायची. कणगीवर चढू नये म्हणून मी भोवती टोपल्या आणि पाट रचले. कापसाचा बोळा पेजेत भिजवून तोंडाला लावायचा, दोन थेंब आत गेले तर नशीब. उरलेलं ती माझ्या हातावर शिंकायची. एकदा असा चावा घेतला की अंगठा सुजला, आणि मला बरं वाटलं. चावण्याइतका जीव आला होता.

मोठ्या बाबांनी पहिल्या दिवशी नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी जोशाकडे जाऊन आले. मांजर मारल्याचं पाप फार वाईट, काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, हे त्यांना आधीच माहीत होतं. जोशानं फक्त मान हलवली. मग त्यांनी मला ओसरीवर बोलावलं. पोट फाडणारा डॉक्टर मलकापूरला राहिला, म्हणाले, पाप राहिलं या घरात. ती आपल्या मरणानं मेली असती तर कुणाला दोष नव्हता. मी म्हणालो, ती मरणार नाही. ते म्हणाले, हे बी.ए.च्या पुस्तकात आहे काय? ओसरीवर बसलेले दोघे-तिघे हसले. माझ्या शिक्षणाचं पाणी जोखायला त्यांना एक मांजर पुरलं होतं. ती मेली असती तर गाव मला जन्मभर मांजरमाऱ्या म्हणालं असतं, हे मी जाणून होतो. पण खरं सांगतो, त्या कोपऱ्यात बसल्यावर मला गावाची आठवण येत नसे. ती श्वास घेते की नाही, एवढंच मी पाहायचो.

टाक्यांजवळ लाली दिसली म्हणून बाजाराच्या दिवशी मी मोताळ्याला औषध आणायला गेलो. परत आलो तर कोपरा सारवलेला. टोपली नाही, पाट जागच्या जागी भिंतीला. माय चुलीपुढे, मान खाली. मी ओसरीवर जाऊन विचारलं, मांजरी कुठे आहे?

"पोचवली," मोठे बाबा म्हणाले.

"कुठं?"

"शिवेवर. बोरीखाली. सावली हाये तिथं. दूध ठेवलं हाये जवळ." आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "आपुन काई मारली नाई तिले."

ते दूध! मला त्या दुधाचा जितका राग आला तितका टाकून देण्याचाही आला नाही. नुसतं फेकलं असतं तर मी त्यांना क्रूर म्हणून मोकळा झालो असतो. पण त्यांनी मातीच्या परळात दूध ओतलं होतं. पितळेची वाटी नव्हे, ती परत आणावी लागली असती.

मी कोटासकट पळत गेलो. बोरीवर दोन कावळे बसले होते. खाली टोपली कलंडलेली, परळातल्या दुधात मुंग्या, आणि मांजरी नव्हती. ती सापडली कुंपणाच्या काट्यात, घराच्या बाजूला तोंड करून. पट्टी मागे काट्याला अडकलेली. तशा पोटानं ती घराकडे निघाली होती! शहाणं जनावर असतं तर दुसरीकडे गेलं असतं.

मी तिला कोटात गुंडाळून आणली. मोठे बाबा दारात उभे राहिले. मळ्यातल्या खोपीत नेतो म्हणालो, तर तेही नको. मळाही आपल्याच नावावर आहे, म्हणाले. मी वाट मागितली. त्यांनी दिली नाही. मी तोंडाला येईल ते बोललो. तुम्ही ज्यांना कसाई म्हटलं त्यांनी तरी दुसरं काय केलं होतं, असंही बोललो. त्यांचा हात उगारला गेला, आणि तेवढ्यात माय त्यांच्या मागून बाहेर आली.

माझी माय त्यांच्यासमोर कधी बोलली नव्हती. नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर पदर ओढायचा, आणि सांगायचंच झालं तर भिंतीला सांगितल्यासारखं सांगायचं, हा तिचा सगळ्या जन्माचा रिवाज. त्या दिवशीही पदर नाकापर्यंत होता. तिने माझ्या हातातून कोटाचं गाठोडं घेतलं, ओसरीच्या मधोमध बसली आणि ते मांडीवर घेतलं.

"मेली तं माह्या मांडीवर मरन," ती म्हणाली. "पाप मले लागू द्या. घरातून हालनार नाई."

मोठ्या बाबांचा उगारलेला हात खाली आला. धाकट्या भावाच्या बायकोला हात धरून उठवता येत नाही. रिवाज त्यांनाही आडवा आला.

त्या संध्याकाळी मी मायवरच चिडलो. मांजरीसाठी तोंड उघडलंस, मग पोरीला गाडीत बसवली तेव्हा का नाही? ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

"त्या दिवशी मी पुरन वाटून राह्यली होती," ती म्हणाली. "त्याच्याचसाठी आज बोलली."

मी उठून मांजरीजवळ जाऊन बसलो.

मांजरी जगली. मायनं तिची पट्टी अशी बांधली की दात पोचेनात. लाली उतरली, डॉक्टरने टाके काढले, पोटावर केस नसलेली रेघ राहिली. आणि चालायला लागल्यावर ती बया कुठे जाऊन बसली? मोठ्या बाबांच्या घोंगडीवर. मी हाकललं तरी पुन्हा तिथेच. त्यांनीही तिला मांडीवर घ्यायला सुरुवात केली. कुणी पाहुणा आला की तिला उताणी करून रेघ दाखवायचे. आमच्या पुतण्यानं आपरेशन करून आणलं, शिकेल पोरगा हाये, म्हणायचे, आमच्या घरात जनावरालेबी असं जपतात. शिवेचं नाव नाही. मी तिथेच बसलेला असायचो, आणि त्यांच्या तोंडावर लाज शोधायचो. नसायची.

पेरण्या आटोपल्यावर जावई आला. बहिणीला पुन्हा दिवस गेले होते, तिला बाळंतपणाला कधी पाठवायची हे तो विचारायला आलेला. सवडीनं पाठवा, मोठे बाबा म्हणाले, घाई काय, आणि मांजरी उचलून त्याला रेघ दाखवली. "पाहा जवाईबुवा. पोट फाडलं तरी जगली. आमच्या घरी आलेला जीव वाचते."

जावई हसला. मी उठलो. काय करणार होतो ते मलाही ठाऊक नव्हतं. पण दाराआडून मायचा आवाज आला, भिंतीला नव्हे, सरळ त्याला.

"जवाईबुवा, यंदा पोरीले अंगात जीव हाये तवाच आना. परत कवा पाठवाची ते मी सांगीन. अन् मांजरीले इचारा, शिवेवर ठेवलेलं दूध कसं लागते."

जावयाला शेवटचं कळलं नाही. मोठ्या बाबांना कळलं. त्यांनी मांजरी खाली ठेवली, बैल पाहतो म्हणाले आणि उठून गेले. पुढच्याच आठवड्यात बहिणीची गाडी दारात आली. ती आपल्या पायानं उतरली.

पण मी सांगतो ते त्या दुपारचं. मोठे बाबा कोठ्याकडे गेले आणि ती मांजरी, जिच्यासाठी माझा अंगठा सुजला, कोट फाटला, माझ्या पायांवरून चालत गेली आणि त्यांनी सोडलेल्या उबेत, घोंगडीवर, अंगाचं वेटोळं करून निजली.