निळी माती

किसन गेल्याचा फोन आला तेव्हा मी भोकरला अंथरुणाला खिळून होतो. लातूरला पोचलो तो थेट त्याच्या मरणोत्तर जलदान विधीलाच. बौद्धाचार्यांनी पाणी मागितलं, तशी शेजारची रेखा तांब्या भरून घेऊन आली. "काकू, आमच्या नव्या बोअरचं हाय. लई गोड पानी लागलंय." किसनची बायको, शांतावहिनी, उठल्या आणि तो तांब्या सगळ्यांदेखत मोरीत उपडा केला. आतून टँकरचं पाणी आणलं. रेखा कानकोंडी झाली. मला मात्र किसनच उठून तांब्या हिसकावतोय असं वाटलं...

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा किसन आणि मी कारकून म्हणून इथे आलो. ऑफिसात बसायला खुर्च्या नव्हत्या, मग राहायला घरं कुठली? गावाबाहेर सूत रंगवण्याचा बंद पडलेला कारखाना होता. त्याच्या पडीक जागेचे प्लॉट निघाले आणि आमची वसाहत उभी राहू लागली. पाया खणताना माती निळी निघाली. दुसऱ्या कुणाला शंका आली असती. किसन नाचलाच! "ही जागा आपलीच वाट बघून राहिली व्हती रे. माती बी आपल्या झेंड्याची!" त्याने ती कपाळाला लावली. आम्हीही लावली.

पुढे दुष्काळ पडला. कारखान्याची बुजत आलेली विहीर आम्ही उपसली. पाणी खारं नव्हतं, आणि आमच्याकडे तेवढ्यावरच पाण्याला गोड म्हणतात. पहिला पेला किसनने सुजाताला दिला... लेकीचा मान म्हणून. मग रोज तेच पाणी. काही महिन्यांत पोर पोट धरून रडायला लागली, दिवसेंदिवस सुकत गेली. डॉक्टर विचारत, काय खाल्लं? पाण्याचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ती गेल्यावर किसन एकटाच बाटली भरून तपासायला घेऊन गेला. रंगाचं विष खालपर्यंत मुरलं होतं. आम्ही विहीर बुजवली.

तेव्हापासून प्लॉट बघायला कुणी आलं की किसन त्याला रस्त्यातच गाठायचा. "घर बांधा, पर हितलं पानी पिऊ नका." भाव पडतील म्हणून लोक चिडायचे, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय म्हणायचे. मला त्या लोकांचा राग यायचा, अजूनही येतो. बोलता बोलता तो मध्येच थांबायचा. "सुजी पानी मागून राहिली..." म्हणत माठाकडे जायचा, आणि रिकामा पेला हातात धरून उभा राहायचा. यंदा उन्हाळ्यात तो अंथरुणाला लागला आणि नेमका तेव्हाच शेजारी नव्याने राहायला आलेल्या रेखाकडे बोअर पडला. मशीनचा आवाज ऐकून त्याने विचारलं, "कोन खणून राहिलं?" वहिनी म्हणाल्या, "रस्त्याचं काम हाय." हे खोटं त्यांना आता टोचतं.

विधी उरकल्यावर रेखा पुन्हा आली. कडेवर तिची छोटी होती.

"काकू, आमच्या हातचं पानी चालत न्हाई का?"

"तुझ्या हाताचं न्हाई गं, बाई," वहिनी म्हणाल्या, आणि सुजाताचं सगळं सांगितलं. रेखा पोरीला घट्ट धरून ऐकत राहिली. मग घरी गेली. थोड्या वेळाने तिच्याकडची मोटार बंद झाली. वहिनींनी हात जोडले. मला वाटलं, किसनचं जलदान खरं आत्ता झालं.

सकाळी मी निघालो तेव्हा वसाहतीत टँकर आलेला नव्हता. मोटार पुन्हा सुरू झाली होती.