मॅग्नेशियमचा पत्रा

कारखान्यातली वहिनींची सूक्ष्मदर्शकाची खोली धाकट्या दिराने स्वतःच्या केबिनसाठी बळकावली. वर म्हणाला, "धातूचे कण बघत बसून कुणाचं भलं झालंय?" वहिनींनी तेव्हाच मनाशी खूणगाठ बांधली.

पुढे घाईघाईत त्याने मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे पत्रे भट्टीत नको तितके तापवले. आतले बारीक कण आता वाढून जाडेभरडे झाले असणार आणि असा पत्रा वाकवला की तडकतो, हे वहिनींना पक्कं ठाऊक होतं. त्या मुद्दाम मूग गिळून बसल्या.

गिऱ्हाइकांसमोर दिराने मोठ्या ऐटीत पत्रा वाकवला. काडकन दोन तुकडे! त्याचं तोंड एवढंसं झालं.

"वहिनी, असं कसं झालं हो?"

"कण बघून सांगते की, भावोजी," वहिनी गोड हसल्या. "आधी केबिन रिकामी करा."