कूलरच्या डब्यात ताई

दुपारचं जेवण अंगावर आलंय. हातात पाना, पाठीला मालसायकलचा पुढचा डबा, आणि डोळे उघडे आहेत की मिटलेत हे मलाच नक्की सांगता येत नाहीये. मालसायकल म्हणजे दोन मेलेल्या सायकली, एका लोखंडी कॉटचे पाइप आणि जुन्या कूलरचा पत्रा, यांचं मी जबरदस्तीनं लावलेलं लग्न. ताईच्या मेसचे डबे पोचवायला करायला घेतली होती. मेस बंद झाली, कारण ताई गेली. सायकल करणं मात्र मला बंद करता येत नाहीये.

"भुश्या, यातला पंखा कुठाय रे? उकडतंय."

वृंदाताई कूलरच्या डब्यात मांडी घालून बसलीये. मी मागे पेडल मारतोय. कधीपासून, माहीत नाही. अंगणाचं शाळेचं मैदान झालंय. तिथं पाटकर सर एका म्हशीची हजेरी घेतायत. म्हैस हजर आहे.

"ताई, घरी चल. त्या परगावच्या दवाखान्यातून तुला परस्परच स्मशानात नेलं. आईनं शेवटचं बघितलंच नाही तुला. एकदा तोंड दाखव, मग जा कुठं जायचं तिथं."

"वळव मग."

मी हँडल वळवतो. हँडल वळतं. चाक वळत नाही.

"हँडल आणि चाकामधला दांडा जोडला नाहीस?"

"जोडणारच होतो. जेवण जास्त झालं."

"आणि ब्रेक?"

"ब्रेक दांड्यानंतर."

"शाब्बास. आधीच मेले ते बरं झालं."

मैदान आता मंगल कार्यालय आहे. आम्ही पंगतीच्या मधून जातोय. वाढपी ताईच्या मांडीवर जिलेबी वाढतो आणि "आग्रह नाही" म्हणतो. पलीकडच्या दारातून बाहेर पडलो तर समोर आमचीच गल्ली! घर अगदी रस्त्याला लागून. वळायची गरजच नाही, फक्त थांबायचंय.

"ताई, पुढच्या चाकावर पाय दाब!"

"अनवाणी? मला चपला घालून पाठवलं होतंत का तुम्ही?"

मी उजव्या पायातली चप्पल काढून पुढे फेकतो. ती झेलते, घालते. सैल होते तिला.

आई पायरीवर तांदूळ निवडतेय. मान खाली.

"आई! वर बघ! आई!"

आई वर बघते. फक्त माझ्याकडे. "हळू चालव रे, मेल्या," म्हणते आणि पुन्हा तांदळात.

"दाब ना ताई! दाब!"

ताई दाबत नाही. मान वळवून आईकडे बघत राहते. घर मागे जातं. मी उलटं पेडल मारतो. सायकल पुढेच जाते.

"का नाही दाबलंस?"

"थांबले असते तर उतरले असते. उतरले असते तर मग निघवलं नसतं रे."

मी पुन्हा उलटं पेडल मारतो.

मग जिथं गल्ली नाही, झाड नाही, म्हैससुद्धा नाही, अशा ठिकाणी ती चाकावर पाय दाबते. रबर किंचाळतं. ती उतरते, चप्पल काढून तिथंच ठेवते.

"आईला सांग, मी बघितलं तिला."

डोळे उघडतात. अंगण. पाना मांडीवर. उजवा पाय अनवाणी. चप्पल डब्याच्या पलीकडे, पुढच्या चाकापाशी. उचलून उलटी करतो. तळाला टायर घासल्याचा काळा पट्टा. पडली होती सावलीत. हात लावून बघतो, तळ अजून गरम आहे.